दीडशे लिटर समुद्र

आमच्या घरात समुद्र आहे. तसा फार नाही, दीडशे लिटर. पण भरती-ओहोटी वगळली तर समुद्राचे बाकीचे सगळे गुण त्यात आहेत. तो खारट आहे, रात्री आवाज करतो, आणि एकदा मर्यादा सोडून त्याने खालच्या मजल्यावर आक्रमणही केलेलं आहे. कल्याणसारख्या ठिकाणी, दुसऱ्या मजल्यावर, टीव्ही आणि सौ.चं शिवणयंत्र यांच्यामधल्या तीन फुटांत हा समुद्र कसा आला, त्याची ही हकिगत.

पाण्याशी माझं नातं जुनं आहे. एका नगरपालिकेच्या पाणीखात्यात मी चौतीस वर्षं नोकरी केली. म्हणजे पाणीपट्टीची बिलं काढली. कोट्यवधी लिटर पाणी माझ्या पेनाखालून वाहून गेलं, पण शर्टाची बाही कधी ओली झाली नाही. पाणी येतं कुठून, शुद्ध होतं कसं, असले प्रश्न घेऊन कोणी आलंच तर मी त्याला चार नंबरच्या टेबलाकडे पाठवत असे. चार नंबरवाला सात नंबरकडे पाठवी. सात नंबरवाला बहुधा चहाला गेलेला असे. २०११ साली मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "यांनी पाण्यासारखा पैसा गोळा केला." टाळ्या पडल्या. ऐकणाऱ्यांचा भलताच समज व्हायला नको म्हणून मी घाईघाईने "पालिकेसाठी, पालिकेसाठी" असं पुटपुटलो.

२०२३ च्या मे महिन्यात आमची नात चिमू सुट्टीला आली. वय वर्षे नऊ. पुण्याहून येताना ती एक मागणी घेऊन आली होती. निमो नावाच्या माशाचा तो २००३ सालचा सिनेमा तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. पण तिने तो इतक्या वेळा पाहिला होता, की तिला नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो क्लाऊनफिश घरात हवाच होता. आईने नकार दिला. तेव्हा खालच्या कोर्टाच्या निकालावर अपील करावं तसं ते प्रकरण आजोबांकडे आलं. आजोबांच्या कोर्टात अपील फेटाळण्याची प्रथा नाही.

तिला पोचवायला आलेली आमची लेक, बेबी, निघताना दारात थांबली. चपलेचा पट्टा लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, एवढंच सांगते. या वेळी मासा समुद्रात पाठवू नका."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. या वयात ही एक सोय असते.

त्याचं असं झालं होतं. १९८८ साली बेबी सात वर्षांची असताना मी तिला मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं. परत येताना तिला एक गोल काचेचं भांडं आणि एक गोल्डफिश घेऊन दिला. मी स्वच्छतेचा भोक्ता. दर रविवारी त्या माशाला तांब्यात काढायचो, भांडं पावडर लावून लख्ख घासायचो, खडे गरम पाण्याने धुवायचो आणि नळाचं ताजं पाणी भरायचो. इतकी बडदास्त मी माझ्या सासऱ्यांचीही ठेवली नव्हती. पाचव्या रविवारी पहाटे मासा वर तरंगत होता. बेबी उठायच्या आत मी त्याला गॅलरीतल्या सदाफुलीच्या कुंडीत पुरलं, आणि ती उठल्यावर तिला सांगितलं की मासा मोठा झाला म्हणून त्याला रात्री समुद्रात सोडून आलो. तिने विचारलं, "कल्याणहून? रात्री?" मी म्हटलं, "शेवटच्या लोकलने." गोल्डफिश हा गोड्या पाण्यातला मासा, समुद्रात तो जगणारच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मेलेल्या माशालाही मी चुकीच्या पाण्यात पाठवलं होतं!

असो. दुसऱ्याच दिवशी चिमूला घेऊन मी कुर्ल्याला माशांच्या दुकानात गेलो. "दोन क्लाऊनफिश द्या," मी रुबाबात म्हटलं. शेठने माझ्याकडे, मग चिमूकडे पाहिलं आणि विचारलं, "फिल्टरेशन काय आहे?"

"आमच्याकडे आरओ आहे," मी म्हणालो.

शेठ हसला नाही. मोठ्या मनाचा माणूस. त्याने आम्हाला आत नेलं आणि एका टाकीखालच्या कपाटाचं दार उघडून दाखवलं. वर टाकीत रंगीत मासे राजेरजवाड्यांसारखे फिरत होते, आणि खाली कपाटात नळ्या, पंप, फेस, खडखडाट, मुदपाकखाना आणि गटार एका जागी आणावं तसा प्रकार. "सायेब," तो म्हणाला, "मासा कोणीपण विकत घेतो. पाणी सांभाळायला लागतं."

चौतीस वर्षं पाणीखात्यात काढलेल्या माणसाला हे वाक्य कुर्ल्याच्या बोळात ऐकावं लागलं.

मग आमचा अभ्यास सुरू झाला. चिमू टॅबवर वाचायची, मी वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात कळलं की फिलिप हेन्री गॉस नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८५४ साली मत्स्यालयावर पुस्तक लिहिलं आणि विलायतेत घरोघरी समुद्र भरून ठेवण्याची लाट आली. त्यांच्याकडे पंप नव्हता, वीज नव्हती. पुष्कळांचा समुद्र चार दिवसांत नासायचा आणि दिवाणखान्यात घमघमाट सुटायचा. हे वाचून मला धीर आला. आपल्याआधी मोठमोठी माणसं फसलेली आहेत हे कळलं, की मध्यमवर्गीय माणसाला नेहमीच धीर येतो.

घरी मी सौ.ला सांगितलं, "आपल्याकडे संप करावा लागणार आहे."

"या वयात?" ती म्हणाली. "पेन्शन बंद करतील."

संप म्हणजे टाकीखालची दुसरी टाकी, हे तिला पटवायला वेळ लागला. वरच्या टाकीत कडेला एक खाच असते. तिच्यातून पृष्ठभागावरचं पाणी ओसंडून खाली येतं. खाली आधी ते एका कापडी मोज्यातून गाळलं जातं. मग स्किमर नावाच्या यंत्रात जातं. मग चिनीमातीच्या सच्छिद्र कड्यांच्या ढिगातून झिरपतं. आणि शेवटी पंप त्याला पुन्हा वर पाठवतो. तासाला पाच-सहा वेळा सगळं पाणी ही प्रदक्षिणा करतं.

कड्यांच्या जागी शेठ दुसरंच काही देणार होता. आवाज खाली आणून म्हणाला, "वरिजनल पाहिजे? पोवळ्याचा दगड. जंतू आतमधी आयते." आता पोवळी २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला. सुट्टीतल्या नातीसाठी आजोबा तुरुंगात, ही बातमी कल्पनेतसुद्धा वाचवेना. मी कड्या घेतल्या.

मोजा दर तीन-चार दिवसांनी धुवावा लागतो, साबण न लावता. आयुष्यात स्वतःचा मोजा कधी न धुतलेला मी गॅलरीत उकिडवा बसून समुद्राचा मोजा धुतो, हे दृश्य पाहायला समोरच्या इमारतीतल्या बायका खिडकीत येऊ लागल्या.

मग मीठ. घरातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी बरीच मंडळी असतात. त्यांचं तयार मिश्रण मिळतं आणि त्याचा भाव साखरेच्या कितीतरी पट असतो. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे दीडशे लिटरला सव्वापाच किलो. सौ. माहेरची मालवणची. तिने ती बादली पाहिली, किंमत ऐकली आणि हात जोडले, "बा देवा म्हाराजा! समुद्रकाठच्या माणसांनी मीठ विकत आणायचं, आणि तेही परदेशातलं!"

पाणी तयार झालं की ते पुरेसं खारट आहे का, हे रिफ्रॅक्टोमीटरने पाहायचं असतं. काचेवर थेंब टाकून दुर्बिणीसारखं उजेडाकडे धरायचं, घनता १.०२५ च्या आसपास दिसली पाहिजे. मी एक डोळा मिटून खिडकीकडे तोंड करून उभा होतो. सौ. आली, बादलीत बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं आणि म्हणाली, "मालवणपेक्षा आळणी आहे." यंत्रात १.०२२ दिसत होतं. मी मुकाट्याने आणखी मीठ घातलं. त्या दिवसापासून आमच्याकडे दोन यंत्रं आहेत.

समुद्र भरला, पंप सुरू झाला, सगळं झुळझुळ वाहू लागलं. शुक्रवारी रात्री समाधानाने झोपलो. पहाटे दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बनियनवर उभे.

"तुमच्याकडून पाणी गळतंय."

"नळ चालू राहिला असेल," मी म्हणालो.

"नळाचं नाही. खारट आहे."

क्षणभर आम्ही दोघेही गप्प राहिलो. पहाटे साडेपाचला छतातून गळणारं पाणी या सद्गृहस्थाने चाखून का पाहिलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

झालं होतं असं, की रात्री वीज गेली. पंप थांबला. थांबलेल्या पंपाच्या नळीतून पाणी उलटं खाली यायला लागलं. वरच्या टाकीतलं नळीचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं, त्यामुळे ते तोंड उघडं पडेपर्यंत टाकी खाली ओतत राहिली आणि खालचा संप भरून वाहिला. यावर उपाय काय, तर वरच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक. पातळी भोकापर्यंत उतरली की हवा आत शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. शिवाय संप गळ्यापर्यंत भरायचा नाही, एवढं पाणी मावेल इतकी जागा मोकळी ठेवायची. एका भोकाअभावी आमचा समुद्र मर्यादा विसरला होता. खालच्या गृहस्थांचं छत मी रंगवून दिलं. त्यांनी निळा रंग पसंत केला.

आता वाचकांना वाटेल की एवढं झाल्यावर मासे आणले असतील. मलाही तसंच वाटलं होतं. पण चिमूने टॅबवरून वाचून जाहीर केलं, "आजोबा, अजून सहा आठवडे."

"कशाला?"

"जंतू यायला."

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो माशालाच विषारी. तो खाऊन टाकणारे जंतू असतात, नायट्रोसोमोनस वगैरे त्यांची नावं. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. मग नायट्रोस्पायरा नावाचे दुसरे जंतू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. ही मंडळी त्या चिनीमातीच्या कड्यांच्या भोकाभोकांत वस्ती करतात. खरा फिल्टर म्हणजे ती. बाकी सगळा नळ्यांचा पसारा म्हणजे त्यांच्यापर्यंत पाणी पोचवण्याची व्यवस्था.

हे मात्र मला एका फटक्यात समजलं, कारण हे आमचं ऑफिस होतं. अमोनियाचा अर्ज आवक-बारनिशीत येतो. पहिल्या टेबलावर तो नायट्राइट होऊन पुढे सरकतो. पहिल्या टेबलाने कागद सोडल्याशिवाय दुसरं टेबल कामालाच लागत नाही. दुसरं टेबल त्याचं नायट्रेट करून रेकॉर्ड रूममध्ये टाकतं. आणि रेकॉर्ड रूम आपोआप रिकामी होत नाही; ती दर पंधरा दिवसांनी थोडं पाणी बदलून आपणच उपसायची. फरक एवढाच की इथे चहाला कोणी जात नाही.

पण भरती व्हायला तर आधी काम पाहिजे. मासा नसताना अमोनिया आणायचा कुठून? पाण्यात एक कच्ची कोळंबी टाकून ती सडू द्यायची. ६ मे रोजी मी बाजारातून एकच कोळंबी मागितली. कोळणीने मला नखशिखांत न्याहाळलं आणि ती फुकट दिली. घरी मालवणच्या कन्येसमोर चांगली ताजी टपोरी कोळंबी सडण्यासाठी पाण्यात सोडणं, याला जे धैर्य लागतं ते माझ्या अंगी नव्हतं. मी ती रात्री दहानंतर सोडली. सकाळी सौ.ने पाहिली. ती काही बोलली नाही. पण दुपारी जेवणात सोलकढी नव्हती.

पुढचे पाच आठवडे आम्ही एका रिकाम्या टाकीत सडणाऱ्या कोळंबीची निगा राखली. तिला उकडू नये म्हणून पाण्यावर पंखा लावला. पाण्याची वाफ होताना ते गार होतं. बत्तीसवरून अठ्ठावीस अंशांवर आलं. मी स्वतः बत्तिसातच राहिलो. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं, म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई साध्या गोड पाण्याने करायची, तीही आरओच्या. त्यामुळे आरओचं पाणी कोळंबीला आणि आम्हाला उकळून गाळलेलं.

पाहुणे यायचे. "वा, मत्स्यालय! मासे कुठे आहेत?"

"अजून आले नाहीत."

"मग हे यंत्र कोणासाठी चाललंय?"

"जंतूंसाठी."

पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे.

चिमूने मात्र एक वही केली. रोज संध्याकाळी ती परीक्षानळीत पाणी घ्यायची, थेंब मोजून औषध टाकायची आणि जो रंग येईल तो रंगीत खडूने वहीत भरायची. अमोनियासाठी पिवळा म्हणजे शून्य, हिरवा म्हणजे आहे. नायट्राइटसाठी आभाळी निळा म्हणजे शून्य, जांभळा म्हणजे भरपूर. वहीची पानं हळूहळू हिरवी झाली. मग एक दिवस जांभळा रंग उगवला. पहिलं टेबल भरलं! २५ मेला अमोनियाचा चौकोन पुन्हा पिवळा झाला तेव्हा आम्ही आइस्क्रीम आणलं.

जूनमध्ये स्किमरनेही काम सुरू केलं. याच्यात पाण्यातून अतिशय बारीक बुडबुडे सोडतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत चटकन मिसळत नाहीत, बारीकच राहतात. पाण्यात विरघळलेली घाण त्यांना चिकटते आणि फेस होऊन वरच्या पेल्यात जमते. मी हे सौ.ला शास्त्रीय भाषेत समजावू लागलो. ती म्हणाली, "म्हणजे पाकाची मळी काढतात तसं." साखरेच्या पाकात चमचाभर दूध घातलं की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात, ते. मी थक्क झालो. गेली पंचेचाळीस वर्षं स्वयंपाकघरात स्किमर चालू होता आणि मी नुसते लाडू खात होतो.

त्याच रात्री एकटाच टाकीसमोर बसलो होतो. चिमूच्या टॅबवर एक सूचना मोठ्या अक्षरांत होती: कड्या आणि दगड नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका, त्यातल्या क्लोरीनने जंतू मरतात. मी ती दोनदा वाचली. मग मला सदाफुलीची कुंडी आठवली. भांड्याच्या काचेवर, खड्यांवर जी काही थोडी वस्ती आठवडाभरात जमत असेल ती मी दर रविवारी घासून, गरम पाण्याने धुऊन नाहीशी करत होतो. आणि वर भरायचो ते आमच्याच खात्याचं क्लोरीन घातलेलं पाणी, नागरिकांच्या आरोग्यासाठी. मासा हा नागरिक नव्हता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी दुर्लक्ष केलं म्हणून तो मासा मेला नाही. मी काळजी घेतली म्हणून मेला. पस्तीस वर्षांनी लागलेला हा निकाल पचवायला जड गेला.

सुट्टी संपत आली. १३ जूनला बेबी येऊन चिमूला नेणार होती. शाळा १५ तारखेची. वहीतला जांभळा चौकोन काही निळा होईना. पोर रोज नळी हातात घेऊन उजेडाकडे धरायची आणि काही न बोलता जांभळा खडू उचलायची. मला ते बघवेना. १० तारखेला कोणाला न सांगता मी कुर्ला गाठलं.

शेठ म्हणाला, "टाका की. काय होत नाय." मीही मनाशी वकिली केली. खाऱ्या पाण्यात नायट्राइट गोड्या पाण्याइतकं घातक नसतं, हे पुस्तकात होतं. नात समुद्र रिकामा पाहून जाणार, त्यापेक्षा... दोन क्लाऊनफिश घेतले. हवा भरलेली प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून लोकलमध्ये बसलो. शेजारच्याने विचारलं, "काका, खायचे की पाळायचे?"

दार चिमूनेच उघडलं. पिशवी पाहून तिचे डोळे असे काही मोठे झाले, की सगळ्या वकिलीचं सार्थक झालं. तिने पिशवीला नाक लावलं. मासेही आतून काचेशी यावं तसे आले. मग ती आत गेली आणि नळी घेऊन आली. जांभळा.

"आजोबा, अजून शून्य नाही."

"अगं, खाऱ्या पाण्यात ते तितकं वाईट नसतं."

"तितकं म्हणजे किती?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि चार नंबरचं टेबल जवळपास नव्हतं.

ती पुन्हा पिशवीकडे बघत राहिली. खालचा ओठ थरथरत होता. "परत देऊन या," ती म्हणाली. "आईचा मासा समुद्रात गेला, तसं नको."

मी पुन्हा कुर्ल्याला गेलो. शेठने मासे अर्ध्या किमतीत परत घेतले. हकिगत ऐकून म्हणाला, "पुढच्या टायमाला नातीलाच पाठवा. तुम्ही नका येऊ."

१३ तारखेला बेबी आली. चिमू बॅग भरत होती. बेबी टाकीसमोर उभी राहिली, बराच वेळ. पंपाची घरघर चालू होती आणि आत फक्त पाणी फिरत होतं. मी घसा साफ केला.

"बेबी, तो मासा..."

"सदाफुलीच्या कुंडीत," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"मांजराने उकरला होता, बाबा. त्याच दिवशी संध्याकाळी. मी परत पुरला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शेवटच्या लोकलचं इतकं मन लावून सांगत होतात," ती म्हणाली. "आणि रविवारी भांडं घासताना तुम्ही त्याच्याशी बोलायचात, ते मी ऐकलं होतं."

तेवढ्यात सौ.ने चहा आणला म्हणून बरं झालं.

१९ जूनला चौकोन निळा झाला. वही चिमूने माझ्या हवाली केली होती. खडू धरायची सवय गेलेली, पण मी रेषेच्या बाहेर जाऊ दिला नाही. आणखी पाच दिवस निळाच राहिला. पाणी बदललं, आणि २५ जूनला, रविवारी, लांबलेला पाऊस एकदाचा मुंबईत येऊन पोचला त्याच दिवशी, दोन क्लाऊनफिश आमच्या समुद्रात उतरले. दोघेही समुद्रात नव्हे, टाकीतच जन्मलेले. खरा समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात आणि जोडीत जो मोठा होतो त्याची मादी होते. मग घरात तिचंच चालतं. त्यांची लगेच आमच्या घराशी नाळ जुळली.

व्हिडिओवर चिमू आणि बेबी दोघी होत्या. मी फोन टाकीसमोर धरला. मासे बघायच्या आधी चिमूने विचारलं, "अमोनिया?"

"शून्य."

"नायट्राइट?"

"शून्य."

मग ती ओरडली. तिकडे पुण्यात काय उड्या मारल्या असतील त्या मारल्या. बेबीचा चेहरा मागे दिसत होता. ती हसत होती आणि मधूनच चष्मा पुसत होती.

"बाबा," फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आज रविवार आहे. टाकी घासायला घेऊ नका."